कौले परतणे (गोवा)

कौलारू छपराची कौले पावसाळ्याआधी उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवण्याचे काम. कोकणात यालाच घर शाकारणे म्हणतात. हंगाम शिगमा आटोपल्यापासून मिरगापर्यंतचा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती पुष्कळदा मातीतच रचलेल्या असतात. छप्पर गळले की माती विरघळते आणि भिंत आतून पोकळ होते. म्हणून जुन्या घरात गळती ही छपरापेक्षा भिंतीची काळजी असते.

आधी कुंभाराने घडवलेली अर्धगोल नळीची कौले असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे चपटी, खाचेत खाच बसणारी मंगळुरी कौले गोव्यातही आली. एक कौल दोन-अडीच किलोचे. त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले असते, आणि ते नुसते शोभेचे नाही. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नेमकी बसेलच असे नाही, आणि वाऱ्याचा पाऊस त्या केसभर फटीतूनच आत येतो. त्यामुळे जाणते घरमालक पाडलेल्या घरांची कौले नाव वाचून घेतात आणि परसात उभी रचून ठेवतात.

काम सुरू होते ते माळ्यावरून. भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर पाहिले की फुटक्या कौलांच्या जागी उन्हाचे कवडसे दिसतात. तिथे खडूने खूण करतात. मग गडी अनवाणी वर चढतो आणि पाय कौलाच्या मध्यावर न देता खाली रीप, म्हणजे कौले टेकतात ती आडवी लाकडी पट्टी, असेल तिथेच देतो. काढलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. धड कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. शेवाळ आणि पालापाचोळा हिराच्या केरसुणीने काढून वळचणीकडून आढ्याकडे ओळी पुन्हा चढवतात. दोन उतार मिळतात त्या पन्हळीत आंब्या-फणसाचा पाला सर्वांत जास्त साचतो, आणि गळतीही बहुधा तिथलीच. आढ्यावरची गोल कौले पूर्वी चुन्यात बसवत. आता सिमेंट वापरतात. ते कडक, छप्पर उन्हाने ताणले-आखडले की तडकते. इथे चुनाच बरा.

कौले उतरलेली असतानाच लाकूड तपासून घ्यायचे. वासे मत्तीचे, किंदळीचे किंवा माडाचे. रिपा पुष्कळ घरांत पोफळीच्या चिपांच्या. वाळवीवर काजूच्या टरफलांचे तेल लावतात. ते काळे आणि जहाल असते, कातडीला लागले की फोड येतात.

चुलीचा धूर हाही या निगेचाच भाग होता. साध्या घरांत धुराडे नसेच. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई, आणि जाता जाता वाशांवर काजळीचा थर देई. त्या थराने लाकडाला कीड लागत नाही, असे जुने सुतार सांगतात. याच धुरात माळ्यावरचे नारळ कोरडे राहत आणि ख्रिस्ती घरांत चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा सुकत. मोठ्या घरांत मात्र चुलीवर धूर गोळा करणारी छत्री आणि छपराबाहेर काढलेले चिऱ्याचे धुराडे असे. त्याला दोन दुखणी. ओल्या लाकडाच्या धुराने आत डांबरासारखा थर धरतो. तो वर्षातून एकदा खरवडला नाही तर पेटू शकतो. दुसरे, धुराडे आणि कौले यांच्यामधला सांधा. तिथे जस्ताचा पत्रा वाकवून चुन्यात दाबावा लागतो. वापरात नसलेले धुराडे वरून सरसकट बुजवू नये. पाऊस अडेल पण वारा खेळेल असे टोपण हवे, नाहीतर आतली ओल भिंतीत उतरते.

गॅस आला आणि धूर गेला. कौले परतणारे गडी मिळेनासे झाले. त्यात माकडांचा उपद्रव; एक टोळी छपरावरून धावली की दहा-वीस कौले सरकलीच. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी दोघांनाही वाटा मिळतो. ते न्याय्यच आहे, पण एका छपराचे वीस धनी झाले की खर्च कोणी करायचा हे ठरेपर्यंत मिरग येतो. मग कौलांवरच लोखंडी पत्रे चढवतात. पाऊस थांबतो, पण पत्र्याखालची हवा कोंडते आणि आतले लाकूड कुजत असले तरी कळत नाही.

पुष्कळ घरे आता चतुर्थीपुरतीच उघडतात. गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची माटोळी बांधायला मान वर केली की वाशावरची ओल पहिल्यांदा दिसते. शेवाळलेल्या ओल्या कौलांवर तेव्हा चढता येत नाही, म्हणून त्या वर्षी खाली घंगाळ ठेवून भागवतात.