मे महिना, बंद पंखा आणि 2.7 ग्रॅमचा चेंडू

मे महिन्यात भर दुपारी सोलापुरात पंखा बंद ठेवायला सांगणारा माणूस एक तर वेडा असावा, नाही तर टेबल टेनिस खेळणारा. आमच्या हॉलवर मॅच लागली की पहिलं काम पंखे बंद. बाहेर पारा 42 च्या पुढे, वर तापलेले पत्रे, अंगाला चिकटलेला टी-शर्ट. एखाद्या पालकाने न राहवून बटणाकडे हात नेला की हॉल सांभाळणारे मामा लांबूनच ओरडायचे, "ओ, हात लावू नका तिथं! बॉल तुमच्या मांडीवर येऊन बसतोय बघा."

तेव्हा तो मामांचा जुलूम वाटायचा. पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वातानुकूलित हॉलमध्येही एसीचा झोत टेबलावर येणार नाही हे पाहावंच लागतं, कारण हा खेळ जितका टेबलावर चालतो तितकाच हवेत.

चेंडूचं वजन 2.7 ग्रॅम, व्यास 40 मिलिमीटर. क्रिकेटचा चेंडू याच्या साधारण 58 पट जड. पण हवेला समोरून भिडणारं त्याचं क्षेत्रफळ मात्र जेमतेम सव्वातीन पट. गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी आठवा. पैलवान छाती पुढे काढून आरपार निघून जातो, आणि शाळकरी पोरगं चार धक्के खाऊन जागच्या जागी उभं राहतं. हवेच्या गर्दीत आपला चेंडू म्हणजे ते पोरगं. त्याचा वेग ताशी 36 किलोमीटर झाला, की हवेचा अडथळा त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त होतो. वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट. स्मॅश बॅटवरून सुटताना दिसतो तसा पलीकडे पोचत नाही. वाटेतच त्याची बरीच हवा निघालेली असते.

त्यात भर फिरकीची. चांगल्या खेळाडूचा टॉपस्पिन सेकंदाला शंभरहून जास्त गिरक्या घेतो. शंभर धरल्या तरी चेंडूची कड स्वतःभोवती ताशी 45 किलोमीटर वेगाने पळत असते. टॉपस्पिनमध्ये चेंडूचा वरचा भाग समोरून येणाऱ्या हवेवर चालून जातो, खालचा भाग तिच्याबरोबर मागे सरकतो. त्यामुळे चेंडूमागची हवा वरच्या दिशेला फेकली जाते आणि चेंडू त्याच हिशेबाने खाली दाबला जातो. टेबलाबाहेर जाणार असं वाटलेला चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात डोकं खाली घालून टेबलावर पडतो, तो यामुळे. जर्मनीच्या हाइनरिक माग्नुस यांनी 1852 च्या सुमारास फिरत्या वस्तूंवरच्या या बलाचा अभ्यास केला, म्हणून त्याला माग्नुस परिणाम म्हणतात. वळणाऱ्या चेंडूचं कोडं न्यूटनला त्याआधी पावणेदोनशे वर्षं पडलं होतं.

आता एक खासगी तक्रार. एका जानेवारीत गड्डा बुडवून मी मुंबईला स्पर्धेला गेलो आणि माझे घोटलेले टॉपस्पिन एकापाठोपाठ नेटमध्ये पडले. घरच्यांनी प्रवासाच्या दगदगीला दोष दिला, मी बॅटला. हिशेब पुष्कळ वर्षांनी केला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब मुळात कमी. त्यात उन्हाळा, म्हणजे हवा आणखी विरळ. मेमधल्या सोलापूरची हवा जानेवारीतल्या मुंबईच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास हलकी भरते. माझा सगळा सराव त्या हलक्या हवेतला. मुंबईच्या दाट हवेने चेंडू जास्त अडवला आणि खालीही जास्त दाबला. सगळं खापर मी हवेवर फोडत नाही. समोरचा मुलगा चांगला होता.

या दहा टक्क्यांचं मोल कळायला एक जुनी गोष्ट बघू. ऑक्टोबर 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने चेंडू 38 चा 40 मिलिमीटर केला. खेळ इतका वेगवान झाला होता की टीव्हीवर चेंडू दिसेना. समोरचं क्षेत्रफळ 11 टक्के वाढलं, पण वजनही अडीच ग्रॅमवरून 2.7 वर गेलं, त्यामुळे निव्वळ अडथळ्यात फारसा फरक पडला नाही. खरी मेख फिरकीत होती. पोकळ गोळा फिरवायला किती जड, हे वजन आणि त्रिज्येच्या वर्गावर ठरतं. तो गुणाकार केला तर नवा चेंडू फिरवायला जवळपास 20 टक्के जड. तोच हात, तोच फटका, पण गिरक्या कमी. 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं, तेव्हा जुनी मंडळी पुन्हा कुरकुरली.

हवेइतकंच महत्त्वाचं बॅटवरचं रबर. याचा सगळ्यात नाट्यमय धडा मुंबईतच मिळाला. 1952 ची जागतिक स्पर्धा तिथे झाली, आशियातली पहिली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. स्पंजात चेंडू किंचित जास्त वेळ रुततो आणि गोफणीसारखा सुटतो. शिवाय आवाज नाही! टक-टक ऐकून फटक्याचा जोर ओळखणाऱ्यांचे कान एकदम निकामी झाले. पुढे 1959 मध्ये नियम आला: रबर आणि स्पंज मिळून 4 मिलिमीटरच्या आत.

भारताची खेळाडू मनिका बत्रा हिच्या बॅकहँडला आहे ते लांब पिंपल्सचं, म्हणजे वर लांब दाणे असलेलं रबर. साधं रबर चेंडूला पकडतं आणि त्याची फिरकी उलटवतं. लांब पिंपल्स वाकतात, चेंडू त्यांच्यावरून घसरतो आणि फिरायचा तसाच फिरत राहतो. फक्त जायची दिशा उलटली. म्हणजे तुम्ही घातलेला टॉपस्पिन तुमच्याकडेच बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी होऊन परत येतो. सवयीने ड्राइव्ह मारलात की चेंडू थेट नेटमध्ये. बॅटच्या एका बाजूला काळा रंग हवा, हा नियम त्यासाठीच आहे. निदान कुठल्या रबराने मारलं ते तरी समोरच्याला कळावं.

पण रबर कितीही महाग असो, घामाचा एक थेंब पडला की पकड गेली. नियमाप्रमाणे दर सहा गुणांनंतर घाम पुसता येतो आणि आमच्याकडे निदान टॉवेलची टंचाई कधी नव्हती. मॅच संपली, हात मिळवले, की मामा स्वतःच जाऊन पंखे लावायचे. टेबलावर विसरलेला चेंडू मग जरा थरथरायचा, हळूच कडेला जायचा आणि कुणी हात न लावताच खाली उडी मारायचा.