व्यापक झटके (अपस्मार)

व्यापक झटके : अपस्माराच्या ज्या झटक्यांत मेंदूच्या दोन्ही गोलार्धांतील चेतापेशींची जाळी जवळजवळ सुरुवातीपासूनच ओढली जातात, ते व्यापक झटके. एका ठरावीक भागातून उठतात ते केंद्रित झटके. बोलीभाषेत दोन्ही ‘फिट’च; पण केंद्रित झटक्यांवर गुणकारी असलेल्या कार्बामाझेपिन या औषधाने व्यापक प्रकारांतले ॲबसेन्स व मायोक्लोनिक झटके उलट वाढू शकतात.

फिट म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो टॉनिक-क्लोनिक झटका. शुद्ध हरपते, सर्वांग ताठरते, छातीतली हवा जोराने बाहेर पडताना कधी किंकाळी उमटते. साधारण 10 ते 20 सेकंदांनी हातपाय लयीत झटकू लागतात, हळूहळू ते विरळ होतात. सारे बहुधा 1 ते 3 मिनिटांत आटोपते. जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होते, शुद्धीवर आल्यावरही काही वेळ गोंधळ राहतो. झटका 5 मिनिटांपलीकडे लांबला, तर तातडीने उपचार हवेत. ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत् लहरींच्या आलेखावर, ताठरण्याच्या वेळी सेकंदाला सुमारे 10 आवर्तनांची लय, मग स्पाइकचे (टोकदार उसळ्यांचे) झुबके व संथ लहरी, शेवटी जवळजवळ सपाट रेषा. प्रत्यक्षात मात्र स्नायूंच्या विद्युत् गोंगाटात यातले बरेचसे बुडून जाते.

ॲबसेन्स झटक्याचे याच्या अगदी उलट. पाहणाऱ्याला तो जाणवतही नाही, आलेख मात्र आरशासारखा स्वच्छ. मूल बोलता बोलता थांबते, नजर शून्यात जाते, पापण्या फडफडतात आणि 5 ते 15 सेकंदांनी ते काही घडलेच नाही असे पुढे बोलू लागते. असे दिवसात अनेकदा होते. वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात ती वेगळीच. आलेखात सेकंदाला 3 या गतीने स्पाइक आणि संथ लहर यांच्या जोड्या दोन्ही बाजूंना एकदम सुरू होतात, एकदम थांबतात. हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी 1929 मध्ये प्रसिद्ध केला. गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स या संशोधकांनी स्पाइक-लहरीची ही जोडी 1935 मध्ये वर्णिली. मेंदूच्या खोल भागातला थॅलॅमस आणि मेंदूचे बाह्यक यांच्यात फिरणाऱ्या आवर्तनातून ती उपजते. तपासणीत 3 मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला, की उपचार न झालेल्या मुलात झटका बहुधा समोरच येतो.

मायोक्लोनिक झटक्यात अंग क्षणभर दचकते. किशोरवयात सुरू होणाऱ्या प्रकारात हे सकाळी उठल्यावर, विशेषतः अपुऱ्या झोपेनंतर घडते आणि हातातली वस्तू उडते. आलेखात 4 ते 6 हर्ट्झचे (सेकंदाला 4 ते 6) बहुस्पाइक-लहरींचे झोत. ॲटॉनिक झटक्यात स्नायूंचा ताण एकाएकी जाऊन माणूस कोसळतो. लेनॉक्स-गॅस्टॉ या बालपणी सुरू होणाऱ्या तीव्र अपस्मार-विकारात असे पडणे वारंवार होते. तिथे झटक्यांदरम्यानच्या स्पाइक-लहरी 2.5 हर्ट्झहून संथ असतात.

दोन झटक्यांमधला ईईजी निर्दोष आला, तरी अपस्मार नाही असे म्हणता येत नाही. पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत किंवा मोबाइलवरचे चित्रण अशा वेळी आलेखाहून कामी येते.