टाचेमागची शीर तुटली, म्हणजे ऑपरेशनच?

टाचेमागची जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा अकिलीज टेंडन (रक्तवाहिनी नव्हे), पूर्ण तुटली की ऑपरेशनशिवाय जुळतच नाही, असं आजही सर्रास सांगतात. ते खरं नाही. पंजा खाली झुकवून वेळेत प्लास्टर घातलं, पुढे टाच उंच ठेवणारा बूट वापरला, तर शीर जुळते. नॉर्वेतल्या 526 रुग्णांच्या चाचणीत (2022) वर्षभरानंतरची सुधारणा ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्यांत सारखीच निघाली. ऑपरेशनविना शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र सुमारे 6 टक्के, ऑपरेशननंतर 1 टक्क्याहून कमी. मज्जातंतूंना इजा ऑपरेशनवाल्यांत जास्त. माझ्या मते खरी काळजी पोटरीची करावी. एका पायावर उभं राहून टाच उचलून बघा: उपचार कोणताही असो, कित्येकांची दुखावलेल्या पायाची टाच वर्षानंतरही पूर्ण उचलत नाही.