दोरी चढवण्याआधी : लाकडी रिकर्व्ह घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लाकडी रिकर्व्ह धनुष्यांपैकी निम्म्याहून जास्त धनुष्यांचं दुखणं एकच असतं : खालचा लिम्ब पिळलेला. आणणाऱ्याचं पहिलं वाक्यही ठरलेलं : "मी काहीच केलं नाही हो, फक्त दोरी चढवली." खरं आहे. तेवढंच पुरतं. हेच दर आठवड्याला सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक छापून घेतलं.

(रिकर्व्ह म्हणजे टोकं बाहेरच्या बाजूला वळलेलं धनुष्य. लिम्ब म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग. मैदानावर सगळे लिम्बच म्हणतात, म्हणून आम्हीही. एका काकांनी फोनवर "लिंबाचं आहे की सागवानी?" असं विचारलं होतं, तेव्हापासून हा खुलासा आधीच करून टाकतो.)

आम्ही विकतो ती धनुष्यं टीव्हीवर ऑलिम्पिकमध्ये दिसतात तशी नसतात. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं, त्यानंतर आमच्याकडे चौकशी करणारे वाढले. पण तिचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे चाकांचं. आमचं त्याहून जुन्या घराण्यातलं. साइट (नेम धरायचा ठिपका) नाही, स्टॅबिलायझर (तोल साधायची दांडी) नाही, चाकं नाहीत. मेपलच्या पातळ पट्ट्या, पुढून-मागून फायबरग्लास, मधे इपॉक्सी गोंद आणि टोकाला बाहेरच्या बाजूला वळलेला बाक, बस्स. हा प्रकार नावारूपाला आला तो अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमुळे. मिशिगन राज्यातल्या ग्रेलिंग गावी फ्रेड बेअर यांचा कारखाना होता. तिथून निघालेली धनुष्यं हरणांच्या मागे रान तुडवणाऱ्या माणसांसाठी होती. झुडपातून वाकून जाताना, झाडावरच्या मचाणात बसून तीर सोडताना लांब धनुष्य फांदीला अडतं, म्हणून ही ५८ ते ६२ इंचांत बसवलेली. ऑलिम्पिकचं धनुष्य ६६ ते ७० इंच असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६९ साली मिसुरीच्या हॉलेस ॲलन यांना कंपाउंडचं पेटंट मिळालं आणि बहुतेक शिकारी तिकडे गेले. पूर्ण ताणल्यावर चाकं बराचसा भार उचलतात, हात थरथरत नाही, कोण नको म्हणेल? तरी काही हट्टी मंडळी रिकर्व्हवर राहिली आणि अजून आहेत. सावज वीस पावलांवर येईपर्यंत गप्प बसून राहायचं, नाही आलं तर रिकाम्या हाताने घरी जायचं, हे ज्यांना चालतं त्यांचं हे धनुष्य. आमचे ग्राहक शिकारी नाहीत, पण स्वभाव तोच. कुणी मिनेसोटाहून परतलेला इंजिनिअर, कुणी साखर कारखान्यातला फिटर, एक निवृत्त भूगोलाचे सर. साइटच्या ठिपक्यातून बघायचा कंटाळा असलेली माणसं.

आता शिकारीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. "रानडुक्कर पडेल का याने?" हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतो, बहुतेकदा ऊस किंवा भुईमुगाचं नुकसान झालेल्या माणसाकडून. त्याची तळमळ कळते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार गुन्हा आहे, धनुष्याने केली तरी गुन्हाच. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करा. शिकारीची पात्याची टोकं आम्ही ठेवत नाही, मागवूनही देत नाही. हे धनुष्य इथे वापरायचं ते गवताच्या बटावर (निशाण लावायच्या गठ्ठ्यावर), रानवाटेने फिरत खेळायच्या फील्ड राउंडला, किंवा फोमचे प्राणी ठेवून खेळतात त्या थ्री-डी प्रकारात. अंतर न सांगता तीर मारायला लावणारा हा खेळ शिकाऱ्यांच्या सरावातूनच निघाला आणि तिथे या धनुष्याला खरा रंग चढतो.

आता मुद्द्याचं.

आपल्याकडे बहुतेकजण तिरंदाजी शिकतात ती इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्यावर. त्याची दोरी चढवताना एक पाय धनुष्य आणि दोरीच्या मधून घालायचा, खालचं टोक घोट्यावर टेकवायचं, मांडीचा रेटा देऊन वरचं टोक वाकवायचं. बांबूचं सरळ धनुष्य हे सहन करतं. सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीसुद्धा बांबूचीच असते आणि तो पायाच्या रेट्याने चढवला तरी त्याचं काही बिघडत नाही. हीच सवय घेऊन माणूस रिकर्व्हकडे येतो. घोट्यावर टेकलेलं टोक बाजूला ढकललं जातं, ताण सरळ रेषेत न जाता तिरका जातो. बांबूचं टोक सरळ असतं, दोरी बांधलेली असते तिथेच ते संपतं. रिकर्व्हचा बाक दोरीच्या पुढे निघून परत वळलेला असतो, आणि दोरी त्या बाकाच्या अंगावर मधोमध पडलेली असते. ती मधून जरा सरकली की तिचाच ताण बाकाला आणखी बाजूला ओढतो. म्हणजे एकदा पिळायला सुरुवात झाली की दोरी स्वतःच पीळ वाढवत नेते. लिम्ब आखूड आणि बाक खोल, तितका हा त्रास जास्त. म्हणून ७० इंचीवर जे खपून जातं ते ५८ इंचीवर खपत नाही.

जनकाच्या दरबारात दोरी चढवताना धनुष्य मोडलं तर सीता मिळाली. आमच्याकडे बिल मिळतं.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा चादरीत गुंडाळून मामाचं धनुष्य घेऊन आला. अमेरिकेतून आणलेलं, एकसंध, लालसर लाकडाची मूठ, बघत राहावं असं. मी स्ट्रिंगरने (दोरी चढवायच्या साधनाने) दोरी चढवली आणि धनुष्य समोर धरून दोरीच्या बाजूने एका डोळ्याने पाहिलं. वर दोरी लिम्बच्या मध्यावर. खाली ती कडेला चिकटलेली, खाचेतून सुटायला नखभर जागा उरलेली. मुलगा म्हणाला, "दोनदा आपोआप निसटली." आपोआप नव्हे. आणखी एकदा ताणलं असतं तर तोंडावर आली असती.

ही तपासणी तुम्हीही करू शकता, दर वेळी करा. दोरी चढवलेलं धनुष्य हात लांब करून धरा, एक डोळा मिटा, दोरी आणि मूठ एका रेषेत आणा. दोन्ही टोकांना दोरी मधोमध पडली पाहिजे. दोरा ओवताना दिसतं तितकं स्पष्ट दिसतं.

स्ट्रिंगर म्हणजे एका टोकाला मोठा खिसा आणि दुसऱ्या टोकाला रबरी पॅड असलेली जाड दोरी. आधी धनुष्याच्या दोरीचा मोठा फास वरच्या लिम्बवर सरकवून खाली आणा, लहान फास खालच्या खाचेत बसवा. स्ट्रिंगरचा मोठा खिसा खालच्या टोकावर टोपीसारखा चढवा, दुसऱ्या टोकाचं रबरी पॅड वरच्या लिम्बवर, मोठ्या फासाच्या खाली, मुठीच्या बाजूला. धनुष्य मुठीला धरून आडवं, दोरीची बाजू जमिनीकडे. स्ट्रिंगरवर दोन्ही पाय खांद्याइतक्या अंतरावर ठेवून उभे राहा आणि मूठ सरळ वर उचला. दोन्ही लिम्ब सारखे वाकतात. मोकळ्या हाताने मोठा फास खाचेत सरकवा. आता सावकाश खाली. दोन्ही फास खाचेत नीट बसलेत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्ट्रिंगर काढू नका आणि उचलताना चेहरा धनुष्यावर आणू नका. ओल्या फरशीवर, घसरत्या चपला घालून हे करू नका, हे सांगायची वेळ यावी हे दुर्दैव, पण आली आहे. उतरवताना हेच उलट. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं.

दोरी चढली की प्रत्येकाला एकदा टणत्कार करून बघायचा असतो. महाभारत मालिकेचा दोष असावा. तीर न लावता सोडलेली दोरी सगळी शक्ती लिम्बमध्येच परत घालवते, आणि लाकूड तडकतं किंवा पट्ट्या सुटतात. फार हलका तीर लावणं याच्याच जवळ जातं. ४५ पौंडी (ताणायला ४५ पौंड जोर लागणाऱ्या) धनुष्यावर आम्ही ४५० ग्रेनच्या, म्हणजे साधारण २९ ग्रॅमच्या, आसपासचे तीर देतो. त्यांना पिसंच हवीत. प्लॅस्टिकच्या पाखळ्या मुठीच्या लाकडावर घासून तीर भरकटवतात.

पिळलेला लिम्ब सरळ होतो का? थोडा पीळ असेल तर होतो. ड्रायरने कोमट करायचा, हाताने उलट्या बाजूला जरासा जास्त वळवून थंड होईपर्यंत धरायचा, स्ट्रिंगरने दोरी चढवून रात्रभर ठेवायचा, सकाळी बघायचं. पुन्हा तेच. फायबरग्लासला जुनी सवय सोडायला वेळ लागतो, म्हणून आम्ही दोन-तीन आठवडे मागतो. "एका दिवसात द्या" म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो, कारण एका दिवसात सरळ झालेला लिम्ब आठवड्यात परत वळतो आणि मग नाव आमचं खराब होतं. घरी प्रयोग करणाऱ्यांना एकच विनंती : गॅसवर शेकू नका. एकांनी पापडासारखा शेकला होता. इपॉक्सी मऊ पडलं, पट्ट्या पानांसारख्या उघडल्या, त्याला आमच्याकडे औषध नव्हतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत धनुष्य ठेवणं म्हणजे हेच, फक्त हळू.

कोपऱ्यात टेकवून ठेवल्यानेही खालचा लिम्ब हळूहळू वळतो. दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवा.

"स्ट्रिंगरचे वेगळे पैसे का?" असं पुष्कळजण विचारतात. साडेतीनशे रुपये लावतो. सुरुवातीला फुकट द्यायचो. फुकटचा स्ट्रिंगर पिशवीतच राहिला आणि धनुष्य पायात अडकवूनच चढत राहिलं. पैसे मोजले की माणूस वापरतो, निदान वसूल करायला तरी. आणि दुकानातून धनुष्य नेण्याआधी तुम्हाला आमच्यासमोर तीनदा दोरी चढवून-उतरवून दाखवावी लागते, हे काहींना शाळेसारखं वाटतं. एका गृहस्थांनी तर "मी राज्य पातळीवर खेळलोय" म्हणून नकार दिला. आम्ही हसत हसत धनुष्य काउंटरमागे ठेवलं. त्यांनी तीनदा चढवून दाखवली आणि दुसऱ्या वेळेस पॅड घसरलं. पिळलेला लिम्ब आमच्या वॉरंटीत बसत नाही, तो याच कारणाने. शिकवून, करून घेऊन देतो, मग पुढचं तुमच्याकडे.

पौंडांबद्दल थोडं. लिम्बवर ४५ लिहिलं असतं ते २८ इंच ताणल्यावरचं. तुमचे दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा, अडीचने भागा. साडेपाच फुटी माणसाचा ताण साधारण साडेसव्वीस इंच येतो, आणि इंचामागे दोन-तीन पौंड कमी धरले की तेच धनुष्य त्याच्या हातात ४१ च्या आसपास. पण नवशिक्याला ४१ सुद्धा जास्तच. आम्ही ३० किंवा ३५ सुचवतो, आणि सुटे लिम्ब असलेलं टेकडाउन घ्या म्हणतो. हात तयार झाला की तीच मूठ ठेवून ४० चे लिम्ब आमच्याकडूनच न्या. त्यात आमचाही धंदा आहे, लपवत नाही. पण टेकडाउनचा खालचा लिम्ब पिळला तर लिम्बच्या पैशांत भागतं, एकसंध धनुष्य पिळलं तर सगळंच गेलं. नेमाच्या डोळ्याची तपासणी दुकानात दोन मिनिटांत करतो. उजव्या हाताने जेवणारा प्रत्येकजण उजव्या डोळ्याने नेम धरतो असं नाही.

परदेशातून मामा-काकांनी आणलेली साठ-सत्तरच्या दशकातली धनुष्यं सध्या बरीच येतात. त्यांना डॅक्रॉनचीच (थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) दोरी लावा. नव्या न ताणणाऱ्या दोऱ्या जुन्या टोकांना चिरतात. दोरी कुठली आहे कळत नसेल तर चढवू नका, घेऊन या. दोरीची लांबी धनुष्यावर लिहिलेल्या लांबीपेक्षा तीन-चार इंच कमी असते, आम्ही धनुष्य बघून वळून देतो.

पिळाची तपासणी फुकट, मंगळवार सोडून कधीही. येताना दोरी उतरवून, धनुष्य आणि दोरी दोन्ही आणा. उतरवता येत नसेल तर चढवलेलंच आणा, पण एसटीच्या रॅकवर दुसऱ्याच्या बॅगेखाली नको. मांडीवर ठेवा.