पानथरीची लांबी म्हणजे नेमकी कुठली?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पानथरीचं (प्लीहेचं, म्हणजे स्प्लीनचं) माप आधी आलं ते हिवतापामुळे. २ ते ९ वर्षांच्या मुलांची पोटं चाचपायची आणि शंभरात किती जणांची पानथरी हाताला लागते, त्यावरून गावात हिवताप किती मुरलाय ते ठरवायचं. वाढ ० ते ५ अशा श्रेणींत लिहीत. बेंबीच्या रेषेपर्यंत आली की तिसरी. १९४६ मध्ये शेजारच्या धारवाड-कारवारात डीडीटी फवारणी सुरू झाली, तेव्हाही हाच हिशेब. बोटांची अडचण एवढीच, की साधारण दुप्पट झाल्याशिवाय पानथरी बरगडीखालून सहसा बाहेर येत नाही.

१९७० च्या दशकात सोनोग्राफीत करड्या छटांची चित्रं दिसू लागली आणि श्रेणीच्या जागी सेंटिमीटर आले. घोळ तिथेच सुरू झाला. रिपोर्टात ‘लांबी’ असते, पण कुठली? काही जण सरळ वरून खाली अंतर घेतात, काही वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची सर्वांत लांब तिरकी रेषा. पानथरी दहाव्या बरगडीच्या कलाने तिरकी बसलेली असते, म्हणून दुसरी रेषाच खरी. पहिलीत आकडा कमी भरतो. बेळगावात ११.८ आणि मिरजेत १२.७ आले, म्हणजे आठवड्यात पानथरी वाढली असं नव्हे.

रुग्णाला थोडं उजव्या कुशीवर वळवावं, प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर टेकवायचं उपकरण) बरगड्यांना समांतर फिरवावा, नाहीतर बरगडीची सावली मधोमध पडते. श्वास मध्यम हवा. पूर्ण भरून घेतला तर फुप्फुस खाली उतरून वरचं टोक झाकतं. रक्तवाहिन्या शिरतात ती खाच चित्रात असली पाहिजे. सडपातळ बायकांत यकृताचा डावा भाग कधी पानथरीवर येऊन टेकतो आणि तोही मापात धरला जातो. श्वासाबरोबर दोन्ही एकमेकांवर सरकताना दिसले की उलगडा होतो.

आकारमानासाठी लांबी × रुंदी × जाडी × ०.५२. ११, ७ आणि ४ सेंमीला सुमारे १६० घन सेंमी. पण तिन्ही मापं दहा-दहा टक्के कमी घेतली, तर हेच ११७ वर येतं. त्यामुळे रोजच्या कामात लांबीच टिकली.

मोठ्यांत लांबीची वरची हद्द १२ की १३ सेंमी, हे अजून वादात आहे. उंच पुरुषाला १२ लावणं अन्यायाचंच. मुलांत वयानुसार बघावं: वर्षाच्या बाळाला ७, सहाव्या वर्षी ९.५ सेंमी ही वरची मर्यादा.

शब्दाचाही एक सीमाभागी गुंता आहे. कन्नडमध्ये ‘गुल्म’ म्हणजे पानथरी, आपल्याकडे पोटातला गोळा. दवाखान्यात ‘गुल्म वाढलाय’ ऐकून मराठी घरात गाठीची रडारड सुरू होते.