ओढ बसली तर नळी कुठे सुटावी?

सलाइन लावलेला रुग्ण झोपेत कूस बदलतो आणि नळी खाटेच्या कठड्यात अडकते. स्ट्रेचर पुढे जाते, स्टँड मागेच राहतो. भान हरपलेला वृद्ध रुग्ण नळी मुठीत धरून ओढतो. अशा प्रत्येक वेळी ताण नळीभर पसरतो आणि सर्वांत कच्च्या जागी मोकळा होतो. ती जागा कोणती, हे मानकांमधले आकडे शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळते.

फिरवून घट्ट करायचा ल्युअर-लॉक सांधा आयएसओ ८०३६९-७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३२ ते ३५ न्यूटन ओढीला टिकावा लागतो. (१० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन टांगल्याची ओढ.) सलाइनच्या सेटने, म्हणजे बाटलीपासून येणाऱ्या नळीने, १५ न्यूटन ओढ १५ सेकंद सोसावी, अशी अट आहे. गुलाबी रंगाची २० गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप) कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, बाहेरून सुमारे १.१ मिलिमीटर जाडीची असते आणि त्या जाडीच्या नळीसाठी किमान मर्यादा आहे फक्त ५ न्यूटन. तिला कातडीवर धरून ठेवणारी पट्टी घामाने आणि अंगावरच्या केसांमुळे सैल होते, ते वेगळेच. म्हणजे सर्वांत भक्कम सांधा शरीराबाहेर आणि सर्वांत कच्ची कडी थेट शिरेत. कॅन्युला पूर्ण निघाली तर रक्त जाते, पुन्हा शीर शोधावी लागते. ती अर्धवट सरकली तर ते आणखी वाईट, कारण औषध शिरेऐवजी आजूबाजूच्या ऊतींत जात राहते आणि हात सुजेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ब्रेकअवे कनेक्टर, म्हणजे ठरलेल्या ओढीला आपणहून सुटणारा सांधा: कच्ची कडी आपणच ठरवायची आणि ती शिरेपासून दूर ठेवायची. सीएनजी पंपावर नळी न काढताच गाडी पुढे गेली तर होजवरचा सांधा सुटतो आणि दोन्ही तोंडे झडपांनी बंद होतात. इथेही तत्त्व तेच आहे. पण सलाइनच्या नळीवरचा सांधा काही ग्रॅमचा, एकदाच वापरायचा, प्लास्टिकचा. त्यामुळे खरी कसोटी लागते ती त्याच्या बळाची अचूकता राखताना.

हे बळ किती असावे? भरलेली दीड मीटर नळी वजनाला वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे तिच्या स्वतःच्या भाराची ओढ ०.२ न्यूटन. तो प्रश्नच नाही. पण रुग्ण बाथरूमला जातो, स्टँड ओढतो, हात उचलतो, तेव्हा क्षणभर काही न्यूटन सहज लागतात. त्यात सांधा सुटला तर औषध विनाकारण थांबते आणि दोन-चारदा असे झाले की सिस्टर ते साधन लावणेच बंद करतात. वरची मर्यादा ठरते पट्टीवरून, आणि ती कागदावर ठरवता येत नाही. खऱ्या कातडीवर, कोरड्या आणि घामेजलेल्या, तरुण आणि सुरकुतलेल्या, ओढून मोजावी लागते.

समजा लक्ष्य १२ न्यूटन ठरवले. सांधा धरून ठेवणारी प्लास्टिकची लवचिक जीभ ०.८० मिलिमीटर जाडीची आहे. जिभेचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. साचा झिजून ती ०.८५ झाली, तर बळ २० टक्क्यांनी वाढते. आता घर्षण बघा. जिभेचा उतार ४५ अंशांचा असेल आणि घर्षणांक ०.२ ऐवजी ०.३ झाला, तर सुटण्याचे बळ आणखी २४ टक्के चढते. दोन्ही एकदम घडले की १२ चे जवळजवळ १८ न्यूटन होतात, म्हणजे सेटच्या १५ न्यूटनच्या हमीच्याही पुढे! एरवी निरुपद्रवी वाटणारे डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे सलाइन, जिभेच्या खाचेत सुकले तर गोंदासारखे काम करते. म्हणून चांगल्या रचनेत जीभ द्रवाच्या वाटेपासून पूर्ण अलग ठेवतात.

चुकीची दुसरी बाजूही आहे. प्लास्टिक सतत ताणाखाली राहिले की हळूहळू ढिले पडते. गोदामात महिनोन्‌महिने जोडलेल्या अवस्थेत पडलेला सांधा नव्यापेक्षा हलक्या हाताने सुटतो. द्रवाचा दाबही आतून सांध्याला ढकलत असतो. सीलचा व्यास ६ मिलिमीटर धरला, तर १०० किलोपास्कल दाबाला सुमारे २.८ न्यूटन त्यातच खर्ची पडतात. सीटी स्कॅनच्या इंजेक्टरचा दाब ३०० पीएसआयपर्यंत (सुमारे २,०७० किलोपास्कल) चढू शकतो. तिथे हेच गणित ५८ न्यूटनवर जाते, म्हणजे सांधा उडालाच. त्यामुळे कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये शिरा-अवयव उठून दिसावेत म्हणून टोचायचे द्रव्य) देण्यापूर्वी हे साधन काढून ठेवायचे. ही सूचना वेष्टनाच्या आतल्या पत्रकापुरती राहून चालणार नाही, सांध्यावरच दिसायला हवी.

ओढ नेहमी सरळ रेषेत येत नाही, हे प्रयोगशाळेत फार सहज विसरले जाते. खाटेचा कठडा बहुधा आडवाच ओढतो आणि लांब बाही (एकात एक बसणारा भाग) असलेला सांधा आडव्या ओढीत अडकून बसतो. ०, ३०, ६०, ९० अंशांत, सावकाश ओढून आणि हिसका देऊन, भिजवून आणि तापवून, अशा सगळ्या चाचण्यांत बळ एका पट्ट्यात राहिले तरच रचना पास. जोडणारा भाग आखूड आणि तोंडाशी गोलाकार ठेवला तर अडकणे बरेच कमी होते.

आता सुटल्यानंतरचा क्षण. दोन्ही बाजूंना सिलिकॉनची चीर असलेली पातळ झडप असते. जोडलेले असताना आतली पोकळ दांडी ती उघडी ठेवते, दांडी निघाली की चीर मिटते. सिलिकॉन चार दिवस उघडे राहिले तर त्याला तोच आकार लागतो आणि चीर अर्धवटच मिटते, म्हणून मिटण्याची चाचणी नव्या नगावर घेऊन काहीच कळत नाही. यापेक्षा नाजूक गोष्ट म्हणजे दांडी बाहेर पडताना होणारी खेच. ३२ मिलिमीटर लांब, आतून ०.८ मिलिमीटर रुंद अशा कॅन्युलात मावते केवळ १६ मायक्रोलिटर. दांडीने मागे २० मायक्रोलिटर पोकळी सोडली, तर तेवढे रक्त मागे खेचले जाऊन अख्खी कॅन्युला रक्ताने भरते, आणि ते गोठले की वाचवलेली शीर तरीही वाया. म्हणून रुग्णाच्या बाजूची झडप मिटताना पोकळी सोडणारी नसावी, उलट थोडा द्रव पुढे ढकलणारी असावी.

औषध ठरावीक वेगाने ढकलणारा पंप लावलेला असेल, तर त्याच्या बाजूची झडप मिटली की दाब चढतो आणि पंपाचा अडथळ्याचा अलार्म वाजतो. पण हे वेगावर अवलंबून आहे. नळीची लवचिकता अर्धा मिलिलिटर जिरवत असेल आणि औषध ताशी १ मिलिलिटरने जात असेल, तर अलार्म वाजायला अर्धा तास लागेल. थेंबाथेंबाने नुसत्या उंचीवर चालणाऱ्या सलाइनला तर अलार्मच नाही. नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखे रक्तदाब टिकवणारे औषध रक्तात काही मिनिटांतच निष्प्रभ होते; ते चालू असलेल्या नळीवर ब्रेकअवे लावायचे की नाही, हा निर्णय डॉक्टरांनी जाणीवपूर्वक घ्यायचा असतो.

साधन बसवायचे ते कॅन्युलाला लागलेल्या छोट्या एक्स्टेन्शनच्या (जोडनळीच्या) पुढे, आणि ते एक्स्टेन्शन हातावर वळसा घेऊन स्वतंत्र पट्टीने चिकटवायचे. लावण्यापूर्वी सांधा उभा धरून, टिचकी मारत सलाइनने भरायचा, कारण झडपेच्या कोपऱ्यात बुडबुडा हमखास बसतो. सुटलेला सांधा परत जोडायचा नाही. त्याची तोंडे चादरीला, जमिनीला लागलेली असतात. म्हणूनच चांगल्या नमुन्यात जीभ एकदा सुटली की वाकते आणि पुन्हा अडकतच नाही. आधी पंप थांबवायचा, क्लॅम्प लावायचा, कॅन्युलाची जागा तपासायची, रुग्णाच्या बाजूचा अर्धा सांधा काढून टाकायचा, एक्स्टेन्शनचे तोंड ७० टक्के अल्कोहोलने घासून वाळू द्यायचे, सलाइनने फ्लश करून नळी मोकळी आहे हे पाहायचे, आणि मगच नवा, भरलेला सांधा बसवायचा. फ्लश करताना जोर लागला तर तिथेच थांबायचे. गुठळी आत ढकलण्यापेक्षा नवी कॅन्युला बरी.