आठव्या पानाचा शोध

गोव्यात माशेलला आमच्या घरी चवथीच्या रात्री मेंढीकोट रंगतो. गणपतीपुढे जागायचं तर पत्त्यांसारखं साधन नाही. नेवऱ्यांचा डबा मध्ये ठेवून चटई पसरली की आत्या हटकून माझी भिडू होते, आणि हातात हुकमाचा एक्का आला की तिला खोकला येतो. दोनदा खोकली तर राजाही आहे. हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे काका तिला लगेच खडीसाखर देऊ करतात.

ब्रिज हा याच कुळातला खेळ, पण तिथे खोकल्याला बंदी. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर तिरका पडदा लावतात, भिडूचा चेहराही दिसत नाही. त्याच्याशी बोलायचं ते फक्त बोलीतून. चार रंग आणि नो-ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाचा डाव, असे पाच प्रकार. प्रत्येकाच्या सात पायऱ्या: एकची बोली म्हणजे सहावर एक, असे सात हात जिंकण्याचा वायदा, दोनची म्हणजे आठ, असं पुढे. एकूण ३५ बोली. शिवाय पास, डबल आणि रीडबल. शब्दकोश संपला. सांगायचं काय, तर हातात आलेली १३ पानं, जी ६३,५०१ कोटींहून जास्त तऱ्हांनी येऊ शकतात. त्यात प्रत्येक बोली आधीच्या बोलीच्या वर चढवावी लागते. जिन्यावरून वर जाता येतं, खाली उतरता येत नाही.

या जिन्यावर सर्वात आधी शोधायचं असतं ते आठवं पान. दोघा भिडूंची मिळून २६ पानं, रंग चार. त्यामुळे एखाद्या तरी रंगात त्यांची सात पानं असणारच, हे कागद-पेन्सिल न घेताही कळतं. आठ किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. सातावर समाधान का मानायचं नाही? तुमच्याकडे हुकमाची सात पानं असली तर समोरच्यांकडे सहा. ती ३-३ अशी वाटली जाण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आत, ४-२ अशी ४८ टक्के. म्हणजे बहुतेक वेळा समोर कुणातरी एकाकडे तुमच्याइतकीच लांब फळी. तुमची आठ झाली की त्यांची पाच उरतात आणि ती ६८ टक्के वेळा ३-२ अशी फुटतात. तीन हातांत समोरचा हुकूम साफ, आणि तुमच्याकडे तो शिल्लक. एका पानाचा फरक, पण पारडं पार फिरतं.

मग सगळी धडपड इस्पिक आणि बदाम या दोन मेजर रंगांसाठीच का? गुणांच्या हिशोबामुळे. सहाच्या वरच्याच हातांचे गुण धरतात: मेजरमध्ये हाताला ३०, चौकट-किलवरमध्ये २०, नो-ट्रम्पमध्ये पहिल्या हाताला ४० आणि पुढे ३०. गेमसाठी, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या बोलीसाठी, १०० लागतात. म्हणून मेजरमध्ये चारची बोली, म्हणजे दहा हात पुरतात. चौकट-किलवरला अकरा हवेत.

आता एक डाव बघा. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ अशी हातातल्या पानांची किंमत धरतात; हे गुण मघाच्या हिशोबातल्या गुणांहून वेगळे. माझ्याकडे इस्पिकचे राजा-गुलाम आणि दोन किरकोळ पानं. बदामचा एक्का आणि एक किरकोळ. चौकटचा एक्का आणि दोन किरकोळ. किलवरचे राजा-राणी आणि दोन किरकोळ. झाले १७. अशा समतोल, १५ ते १७ गुणांच्या हातावर मी एक नो-ट्रम्प बोलते. भिडूकडे इस्पिकचे एक्का-राणी धरून चार पानं, बदामची तीन फुटकळ, चौकटचा राजा धरून चार, किलवरचा गुलाम आणि एक किरकोळ: १० गुण. दोघांचे मिळून २७, गेमला पुरेसे.

तीन नो-ट्रम्प खेळलो आणि समोरच्याने बदामची उतारी केली, की आमचा एकुलता एक्का खर्ची पडतो. तयार हात सात. उरलेले दोन किलवरमधून काढायचे तर त्यांचा एक्का आधी बाहेर काढावा लागतो. आणि बदाम त्यांच्यात ५-३ असे असतील तर तेवढ्यात ते बदामचे चार हात ओढून घेतात. डाव एका हाताने बुडाला. तीच पानं, हुकूम इस्पिक: बदामचा एक हात देऊन तिसरं बदाम मी माझ्या हुकमाने कापते, आणि भिडूची चारही इस्पिकं शाबूत राहतात. चार हुकमांतून पाच हात! त्यात बदामचा एक, चौकटचे दोन, किलवरचे दोन. समोरचा हुकूम ३-२ फुटला की दहा पुरे.

प्रश्न एवढाच की माझ्याकडे चार इस्पिकं आहेत हे भिडूला कळावं कसं? एक नो-ट्रम्प आणि तीन नो-ट्रम्प यांच्यामध्ये दोनच्या पाचच पायऱ्या आहेत, आणि त्यातली सर्वात स्वस्त म्हणजे दोन किलवर. मोर्सच्या लिपीत इंग्रजीतल्या सर्वाधिक लागणाऱ्या ‘ई’ या अक्षराला एकच टिंब दिलं आहे. तोच न्याय इथे. स्वस्त शब्द नेहमीच्या कामाला लावायचा. म्हणून भिडू ‘दोन किलवर’ म्हणतो तेव्हा किलवरशी त्याचं काही देणंघेणं नसतं. तो विचारतो, ‘मेजरची चार पानं आहेत का?’ उत्तर दोन चौकट म्हणजे नाहीत, दोन बदाम म्हणजे बदाम आहेत, दोन इस्पिक म्हणजे इस्पिक. उत्तर काहीही आलं तरी आपण अजून दोनच्याच पायरीवर. सॅम्युअल स्टेमन यांनी १९४५मध्ये या युक्तीवर लेख लिहिला आणि तिला त्यांचं नाव चिकटलं. कल्पना मुळात त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची, पण लिहितो त्याचं नाव होतं.

मेजरची पाच पानं असली तर ऑस्वल्ड जॅकोबी यांच्या नावाची दुसरी युक्ती. तिच्यावरचा त्यांचा लेख १९५६चा. स्वीडनमध्ये ऊले विल्नर यांनी ती आधीच मांडली होती. तिच्यात भिडू आपल्या रंगाच्या खालचा रंग बोलतो. दोन चौकट म्हणजे माझ्याकडे पाच बदाम, तू दोन बदाम बोल. दोन बदाम म्हणजे तसंच इस्पिकसाठी. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम. पण हुकमाचा रंग आधी मी बोलल्याने डाव मी खेळते; त्यामुळे भारी हात झाकलेला राहतो, भिडूचा हलका हात टेबलावर उघडा पडतो, आणि पहिली उतारी भारी हातावर चालून येते. मला याहून सुंदर वाटतं ते वेगळंच: भिडूला बोलायला आणखी एक पाळी मिळते. हात अगदी भिकार असेल तर तो पास म्हणून तिथेच थांबतो. आठ-नऊ गुण असतील तर दोन नो-ट्रम्प बोलून ‘पुढे जायचं का?’ असं विचारतो; दहा असतील तर तीन नो-ट्रम्प म्हणून हुकूम निवडण्याचं काम माझ्यावर सोपवतो. तीन वेगळी वाक्यं एकाच शब्दाच्या आधाराने.

फुकट काही नाही. खरोखर किलवर किंवा चौकटमध्ये दोनवर थांबावंसं वाटलं तर आता ती वाट बंद. क्वचित चुटपुट लागते, पण सौदा फायद्याचाच. आणि हे संकेत गुप्त ठेवता येत नाहीत. समोरच्याने अर्थ विचारला तर सांगावाच लागतो. आत्याला हा नियम मुळीच पटला नाही. ‘सगळ्यांना सांगायचं, तर खुणेत मजा ती काय?’

तरीही गेल्या चवथीला मी तिला हे सगळं शिकवून ब्रिजला बसवलं. तिसऱ्याच डावात ती एक नो-ट्रम्प बोलली. अगदी नियमात, न खोकता. माझ्याकडे चार इस्पिक, चार बदाम. मी उत्साहाने दोन किलवर म्हणाले. काका पास. आत्याने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि तीही म्हणाली, पास. ‘तुला किलवर हवं होतं ना? घे.’

माझ्या हातात किलवरची दोन पानं होती, तिच्या हातात तीन. आठ पानांची जुळणी होती, पण काकांच्या बाजूला.